न केलेला फोन

खुर्ची उंच असते, हे टीव्हीवर बघताना कधी कळलं नव्हतं. पाय जमिनीला टेकत नाहीत. खाली एक गोल दांडी असते, तिच्यावर ठेवायचे. आणि माझी चप्पल नवीकोरी, कणकवलीच्या बाजारातून याच दिवसासाठी घेतलेली, सारखी त्या दांडीवरून घसरत होती. खाली पाय सावरायचे, वर चेहरा हसरा ठेवायचा, अशा अवस्थेत मी एक लाख साठ हजार रुपयांचा प्रश्न ऐकला.

१८ ऑगस्ट १८६८ च्या ज्या खग्रास सूर्यग्रहणातून पुढे हेलियमचा शोध लागला, ते ग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सेन यांनी कुठून पाहिलं? अ, विजयदुर्ग. ब, गुंटूर. क, जेऊर. ड, मछलीपट्टणम.

पडद्यावर ‘विजयदुर्ग’ उमटलं आणि पुढचं मला ऐकूच आलं नाही. माझं माहेर गिर्ये. विजयदुर्ग म्हणजे आमच्या घरापासून पायी जायचं ठिकाण. एवढे तास त्या थंडगार स्टुडिओत कुडकुडत बसले होते, आणि आता समोर माहेरच येऊन उभं राहिलं.

*

मी पडेल कॅन्टीनच्या तिठ्यावर झेरॉक्सचं दुकान चालवते. बाहेरच्यांसाठी सांगते, पडेल कॅन्टीन हे जागेचं नाव आहे, हॉटेलचं नव्हे. एसटीचं तिकीटसुद्धा त्याच नावाने मागायचं. दुकानात झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, आणि मुख्य म्हणजे ऑनलाइन फॉर्म. तलाठी भरती, पोलीस भरती, वनरक्षक, जे निघेल ते. फॉर्म भरायला येणारी पोरं आत शिरताना एकच विचारतात, “काकी, सर्व्हर इलो काय?” सर्व्हर नसतो तेव्हा ती बाकावर बसून राहतात आणि त्यांची पुस्तकं माझ्या काउंटरवर पडतात. ती चाळता चाळता मला नाद लागला. बिघडलेल्या झेरॉक्सच्या पाठकोऱ्या बाजूला मी टिपणं काढायची. कर्बुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला. पां. वा. काणे, भारतरत्न, १९६३, विषय धर्मशास्त्र. बारावीनंतर लग्न झालं, त्यामुळे परीक्षा द्यायची राहून गेली. पण अभ्यास कोणी थांबवला नाही, कारण तो अभ्यास आहे हे कोणाला कळलंच नाही.

मूळ नाद मात्र त्याही आधीचा. ३ जुलै २००० ला ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं तेव्हा मी सातवीत होते. वाडीत केबल एकाच घरी. पावसातून टॉर्च घेऊन आम्ही दहा-बारा जण तिथे जायचो आणि ओल्या पायांनी पडवीत बसायचो. बच्चनसाहेबांचं हिंदी निम्मं कळायचं. पुढे हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला, तेव्हा मराठी आडनाव ऐकून वाडीत असा आनंद झाला की जणू त्याने येऊन वाटणीच करायची होती.

आमच्या गुरुजींना मात्र या खेळात शिक्षणाची सोय दिसली. दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी फळ्यावर प्रश्न, खाली चार पर्याय, आणि ज्याची पाळी तो गुरुजींच्या खुर्चीत बसणार. गुरुजी हातात पट्टी धरून बच्चनसारखा आवाज काढत, “लॉक करू?” बक्षीस म्हणून लिमलेटची गोळी. मला त्या वर्षी इतक्या गोळ्या मिळाल्या की दाढ किडली.

गुरुजींची दुसरी आवड म्हणजे किल्ला. दर डिसेंबरात सहल तिथेच. (पावसात किल्ल्याच्या दगडांवर शेवाळ धरतं, पोरं घसरतात, म्हणून डिसेंबर. हे वाक्य पुढे लागणार आहे.) तटावरून वाघोटनची खाडी दाखवायचे, १६५३ साली शिवाजी महाराजांनी किल्ला घेतला ते सांगायचे, १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह आरमार घेऊन आले ते सांगताना तोफांचे आवाज काढायचे. आणि शेवटी सगळ्यांना साहेबाच्या ओट्यांपाशी न्यायचे. “पोरांनो, सूर्यावरचा हेलियम जगात पहिल्यांदा दिसला तो या ओट्यावरून. साहेबाचं नाव लॉकियर. साल अठराशे अडुसष्ट. तारीख अठरा ऑगस्ट.” आम्ही तीनदा म्हणायचो. ओट्यावर उभं राहून, वर सूर्याकडे डोळे बारीक करून. आजही त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो, वर्तमानपत्रात फोटो येतो.

*

२०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडेंनी एक कोटी जिंकले. शाळेत खिचडी शिजवणारी बाई, महिना दीड हजार मानधन. दुसऱ्या दिवसापासून दुकानातल्या पोरांनी माझा पिच्छा पुरवला. मी हसण्यावारी नेत राहिले. मग एका वर्षी एका मराठी वाहिनीच्या प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमाची नोंदणी निघाली आणि त्यातल्या एकाने माझ्याच काउंटरवर, माझ्याच कॉम्प्युटरवरून, मला न विचारता माझं नाव भरलं. जगाचे फॉर्म मी भरले, माझा फॉर्म दुसऱ्याने. फोनवर प्रश्न झाले, कोल्हापूरला लेखी चाचणी झाली, मुलाखत झाली. ते सगळं सांगत बसत नाही. बोलावणं आलं.

त्याआधी घरी शूटिंगवाले येऊन गेले. दोन मुलगे, वयाने माझ्या गिऱ्हाइकांएवढेच, बिचारे एसटी लागून पिवळे पडलेले. चहा पिऊन तरतरी आल्यावर त्यांना माझा संघर्ष हवा होता. मी म्हटलं, सर्व्हर. ते म्हणाले, तसा नाही, ताई. मग त्यांनी मागीलदारची चूल पाहिली. तिच्यावर आम्ही अंघोळीचं पाणी तापवतो. “ताई, इथे भाकरी भाजताना घेऊया, हातात पुस्तक.” माझी सासू दारात उभी होती. शाळेची पायरी न चढलेली, पण घरातला शेवटचा शब्द तिचा. “घरात गॅस असा,” ती म्हणाली. “चुलीर कित्याक? लोकांक वाटात आमका गॅस परवडणा नाय.” शेवटी मला हापूसच्या कलमांमधून तीनदा चालत आणलं आणि क्षितिजाकडे बघायला लावलं. कलमांत क्षितिज दिसत नाही, फांद्या दिसतात. मी फांद्यांकडे बघितलं.

फोनच्या मदतीसाठी तीन नावं द्यायची होती. पहिलं नाव गुरुजींचं, याबद्दल मनात दुसरा विचारच नव्हता. वय झालंय, पण रोजचा पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या छोट्या जाहिरातीपर्यंत वाचतात. अडचण एवढीच की त्यांच्या घरात रेंज नाही. रेंज मिळते ती विहिरीच्या कठड्यापाशी, तीही एका विशिष्ट बाजूला. गुरुजी म्हणाले, “तू चिंता करू नको, मी बसतो.”

*

कोकणकन्येने मुंबई गाठली. पुढचं सगळं म्हणजे थांबणं. मोबाइल काढून घेतात. तोंडाला रंग लावतात. टाळ्या कधी वाजवायच्या हे प्रेक्षकांना एक माणूस हात वर करून सांगतो, आणि गंमत म्हणजे थोड्या वेळाने आपणही त्याच्या हाताकडे बघून खऱ्याखुऱ्या उत्साहाने टाळ्या वाजवायला लागतो.

वेगवान बोटांच्या फेरीत आम्ही दहा जण. चार नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे लावा: सावित्री, वैतरणा, तेरेखोल, उल्हास. चौथीत या नद्या आम्ही पाढ्यासारख्या म्हणायचो. दमणगंगा, वैतरणा, उल्हास, पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, आणि आपली वाघोटन आली की आवाज चढवायचा. बोटांनी तो पाढाच म्हटला.

खुर्चीत बसल्यावरचे पहिले प्रश्न सोपे असतात, ते तुम्हाला स्थिर करायला. पुढचे पैशांचे. आता मागे वळून बघते तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसते: जिथे खात्री नव्हती तिथे मी फार शहाण्यासारखी वागले. क्रिकेटचा पहिला विश्वचषक कुठल्या साली, हे मी सरळ प्रेक्षकांना विचारलं, १९७५ आलं. ऑक्टोपसला हृदयं किती, यावर घाम फुटला. जन्म माकुलं साफ करण्यात गेला, पण हृदय मोजायची वेळ कधी आली नव्हती. मी दोन पर्याय कमी करून घेतले, उरलेल्या दोनवर बराच वेळ काढला, प्रत्येकाच्या बाजूने आणि विरुद्ध मनात बोलले आणि तीन म्हटलं. बरोबर. अशी चाचपडत, प्रत्येक पायरीवर आधी एक पाय ठेवून बघत, ऐंशी हजारांपर्यंत आले. फोन तेवढा शिल्लक होता.

आणि मग विजयदुर्ग.

“अ,” मी म्हटलं. सूत्रसंचालक हसले. पर्याय पूर्ण वाचून तर होऊ द्या, म्हणाले. त्यांनी वाचले. मी पुन्हा म्हटलं, “अ.” त्यांनी आठवण करून दिली की ऐंशी हजार घेऊन थांबता येईल, चुकलं तर दहा हजारांवर याल. आणि एक मदत अजून आहे. गुरुजींना फोन लावायचा का?

यावर मी जे बोलले ते आता सगळ्या महाराष्ट्राने ऐकलंय, म्हणून लपवण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, “नको, सर. त्यांना कशाला त्रास? हे त्यांनीच शिकवलंय.”

प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या माणसाकडे पाहिलं. त्याने हात वर केलेला नव्हता. त्या टाळ्या खऱ्या होत्या.

*

सत्तर हजार एका शब्दात गेले. टीव्हीवरचं बक्षीस दहा हजारांच्या वर गेलं की त्यातून तीस टक्के कर कापतात, हेही मी पाठ केलं होतं. ते ज्ञान वापरायची वेळ आली नाही.

परतीच्या गाडीत पैशाचं दुःख रोह्यापर्यंत पुरलं. त्यानंतर राहिला तो राग. माझी ठाम समजूत होती की प्रश्नच चुकलाय. घरी पोचल्यावर दुकान उघडलं, सर्व्हर नव्हता पण नेट होतं, आणि मी शोधायला बसले. गिऱ्हाईक आलं की पान मिटायचं, गेलं की उघडायचं, कारण करारावर सही केली होती: प्रसारण होईपर्यंत निकाल कोणाला सांगायचा नाही. तिठ्यावर उभं राहून तोंड बंद ठेवणं म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. “काय गो, किती गावले?” “आमका नको सांगा, पण उधारी तरी चुकती कर.” एकाने माझ्या चेहऱ्यावरून पंचवीस लाख ठरवले.

प्रश्न चुकला नव्हता. जान्सेन गुंटूरलाच होता. खग्रास लागलं तेव्हा त्याने सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे प्रकाश फोडून रंगांत पसरलेला पट्टा, पाहिला. त्यातल्या रेषा इतक्या ठळक होत्या की या ग्रहणाशिवायही दिसतील असं त्याला वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी भर उन्हात त्या दिसल्या. नॉर्मन लॉकियर त्या वेळी इंग्लंडात. त्याने २० ऑक्टोबर १८६८ ला तिकडे बसूनच, ग्रहणाची वाट न बघता, तेच साधलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोचली. वर्णपटात एक पिवळी रेषा होती, सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांच्या शेजारची पण त्यांच्याशी न जुळणारी. ती कुठल्याच माहितीतल्या मूलद्रव्याची नाही, असं लॉकियर म्हणत राहिला, आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून तिच्या मालकाला हेलियम हे नाव मिळालं. पृथ्वीवर तो वायू विल्यम रॅम्झीला सापडेपर्यंत १८९५ साल उजाडलं.

मग आमचा साहेब? आमचा साहेब आला होता. मी त्याच्या मोहिमेचा जुना वृत्तान्त शोधून काढला, डिक्शनरी शेजारी उघडून वाचला. सर नॉर्मन लॉकियर विजयदुर्गाला आले, दुर्बिणी मांडल्या, मेलपॉमिनी नावाच्या इंग्रज आरमारी जहाजावरच्या लोकांना हाताशी घेतलं, खग्रास ग्रहण बघितलं. सगळं खरं. फक्त तारीख २२ जानेवारी १८९८. शोधाला तीस वर्षं होत आली होती. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला जेऊरला बसले होते, म्हणजे तो क पर्याय तिथून आला. प्रश्न काढणारा माणूस अभ्यासू होता. राग येण्याइतका अभ्यासू.

अडुसष्ट आणि अठ्ठ्याण्णव. मधली तीस वर्षं कोणीतरी, कधीतरी, बोलता बोलता गाळली. आणि प्रश्नात ‘फ्रेंच’ असा शब्द होता. लॉकियर इंग्रज, हे मला सातवीपासून पाठ. तो एक शब्द ऐकला असता तरी थांबले असते. पण माहेर दिसल्यावर कोण थांबतं?

*

प्रसारणाच्या रात्री आमच्या माजघरात चाळीसेक माणसं होती. पाऊस असा लागला होता की पत्र्यावरच्या आवाजात टीव्ही ऐकू येईना, म्हणून आवाज शेवटपर्यंत वाढवलेला. गुरुजींना पुढची खुर्ची. इस्त्रीचा सदरा घालून आले होते. त्यांच्या घरून मला तोवर कळलं होतं की शूटिंगच्या दिवशीही त्यांनी हाच सदरा घातला होता, आणि सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत ते विहिरीच्या कठड्यावर छत्री धरून बसले होते. जेवायलाही उठले नाहीत, ताट तिकडेच नेलं. फोन आला नाही याबद्दल त्यांनी मला एका अक्षराने विचारलं नव्हतं.

नद्या आल्या, सगळ्यांनी वाहवा केली. ऑक्टोपस आला, कोणीतरी माकुलांवरून विनोद केला. मी मागे, सैपाकघराच्या दारात, चहाच्या कपांचा ट्रे धरून.

विजयदुर्ग पडद्यावर आलं आणि माजघर उठलं. “आपलो! आपलो इलो!” पोरांनी शिट्ट्या मारल्या. टीव्हीतली मी म्हणाले, “हे त्यांनीच शिकवलंय,” आणि सगळी माणसं गुरुजींकडे वळून टाळ्या वाजवायला लागली. गुरुजी खुर्चीतून अर्धे उठले, हात जोडले. नेमका त्या क्षणी डिशचा सिग्नल गेला. पडद्यावर सूत्रसंचालकांचं तोंड उघडं राहिलं, चौकोन चौकोन झाले. टाळ्या मात्र चालूच. बाहेर पाऊस, आत टाळ्या, आणि त्या घरात मला एकटीला माहीत की त्या उघड्या तोंडातून काय बाहेर पडणार आहे. ट्रेमधले कप वाजायला लागले, म्हणून मी तो खाली ठेवला.

सिग्नल आला तेव्हा ब पर्याय हिरवा झालेला होता.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग सगळेच बोलायला लागले. गुंटूर खय असा? टीव्हीवाल्यांक काय कळता? आपण तक्रार करूया. आमच्या पुतण्याने तर पत्राचा मजकूरही तोंडी सांगायला घेतला. गुरुजी पडद्याकडे बघत होते.

त्या गलबल्यात सासूने मला विचारलं, “तारीख काय म्हटल्यान?”

“अठरा ऑगस्ट.”

तिने खिडकीकडे हात केला. “पंधरा ऑगस्टाक पोरां झेंड्याक जातत ती छत्रेतून. अठरा ऑगस्टाक हय सूर्य खय दिसतलो? तो सायब काय येडो होतो, दुर्बीण घेऊन पावसात येवक?”

मला हसू आलं आणि मग ते थांबेना. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मगच होड्या काढणाऱ्या मुलखातली आम्ही माणसं. शेवाळाच्या भीतीने सहल डिसेंबरात नेणारे आमचे गुरुजी. आणि त्या दगडांवर उभं राहून आम्ही ऑगस्टातला सूर्य तीनदा घोकला. १८६८ ला तिकडे जमखंडीला बसलेल्या इंग्रज तुकडीलासुद्धा ढगांनी छळलं होतं. ते तर घाटाच्या पलीकडे. आमच्याकडे तर चार पर्यायांतला पहिला सासूने नुसतं खिडकीबाहेर बघून खोडला असता. फोनसाठी मी तीन नावं दिली होती. घरातल्या कोणाचंच नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर केलं तर गुरुजी पायरीवर. छत्री मिटून, पाणी निथळवत. आत आले, बाकावर बसले.

“काल तू हसलीस ते का?”

मी सांगितलं. मग कपाटातून तो वृत्तान्त काढला, प्रिंट काढून ठेवली होती. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं. इंग्रजी सावकाश, ओळीखाली बोट धरून. मध्ये दोन पोरं येऊन आधारची झेरॉक्स घेऊन गेली. शेवटी त्यांचं बोट तारखेवर थांबलं.

“जानेवारी,” ते म्हणाले. “म्हणजे आंब्याला मोहोर असणार. आकाश स्वच्छ.”

“हो.”

“आणि मी किती वर्षं शिकवलं?”

मी काही बोलले नाही. हिशेब त्यांनाच माहीत.

“फोन का नाही केलास?”

“खात्री होती, गुरुजी.”

“केला असतास तरी मी तेच सांगितलं असतं,” ते म्हणाले, आणि हसले. “वर तुला ओरडलो असतो, एवढं येत नाही म्हणून.”

मग त्यांनी खिशातून पैशांचं छोटं पाकीट काढलं. दोन प्रती हव्यात, एक घरी, एक शाळेत द्यायला. मी पैसे नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही, पानं मोजून तेवढी नाणी काउंटरवर मांडली. मी मशीन चालू केलं. पहिली प्रत झाली. दुसऱ्या प्रतीचं तिसरं पान अर्धं बाहेर आलं आणि वीज गेली.

“बसतो,” गुरुजी म्हणाले. “येईल.”